सतरा रिकामे गोल

फोन आला तेव्हा मी ठाण्याला, नौपाड्यातल्या आमच्या क्लासमध्ये, फळ्यासमोर उभी होते. लॉच्या प्रवेश परीक्षेची बॅच. सात माणसं एका रांगेत बसलीयेत, डॉक्टर वकिलाच्या डावीकडे आहे, वकील टोकाला नाही, तर मधोमध कोण, असलं काहीतरी चाललेलं. क्लास चालू असताना मी फोन घेत नाही, पोरांनाही घेऊ देत नाही. पण स्क्रीनवर कल्याण कोर्टाबाहेरच्या स्टँपवाल्या काकांचं नाव दिसलं, आणि या माणसाने इतक्या वर्षांत मला एकदाही फोन केला नव्हता. "अगं मधुरा, मॅडम टेबलावर डोकं ठेवून बसल्यायत," ते म्हणाले. "आम्हाला वाटलं डोळा लागला. पण उठत नाहीयेत... तू ये गं लगेच." मी पोचेपर्यंत आत्याला जवळच्या हॉस्पिटलात नेलेलं, आणि डॉक्टरांचं जे सांगायचं ते सांगूनही झालेलं. हृदय थांबलं. त्यांना तिचं आधार कार्ड हवं होतं, म्हणून मी तिची पर्स आणायला परत टेबलापाशी गेले. निळ्या ताडपत्रीखालचं ते टेबल, कॉम्प्युटर चालू, प्रिंटरमध्ये छापलेला एक कागद, आणि समोरच्या बाकावर एक बाई आपल्या मुलीला घेऊन तशीच बसलेली. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही दुसरीकडे करून घ्या आता." तर ती म्हणते, "अवो, झालंय टाइप. पण बाईंनी वाचून नाय दाखवलं अजून. त्या बोललेल्या, वाचून दाखवल्याबिगर सही करायची नाय." मी तो कागद उचलला आणि मला एक ओळ वाचता येईना. शेवटी काकांनी वाचून दाखवला.

विजूआत्या, विजया, माझ्या पप्पांची मोठी बहीण. एकतीस वर्षं त्या टेबलावर बसली. आधी टाइपरायटर घेऊन, मग कॉम्प्युटर घेऊन. नावात बदल, रेशन कार्ड हरवलं, जन्मतारीख चुकली, नवरा सोडून गेला, भाडेकरू जात नाही... माणसाचं जे जे म्हणून बिनसतं त्याची प्रतिज्ञापत्रं ती टाइप करायची. वर्तमानपत्राच्या पुरवणीत गेलेल्या माणसांबद्दल जे येतं ते मी नेहमी वाचते, आणि त्यात बहुतेक वेळा कोणीतरी मोठं माणूस असतं. माझ्या आत्याने पुस्तक लिहिलं नाही, गाणं म्हटलं नाही, संस्था काढली नाही. ती वकीलसुद्धा झाली नाही. व्हायचं होतं तिला. तेच सांगायला बसलेय, आणि गोड गोड सांगायचा माझा विचार नाही. मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं असतं म्हणतात. तिच्याबद्दल मला चांगलंच बोलायचंय, पण बाकीचे जिवंत आहेत, त्यांच्याबद्दल काय करू?

तिच्या टेबलाची एक रीत होती. कागद छापून झाला की ती चष्मा नाकावर खाली ओढायची आणि सगळा मजकूर मोठ्याने वाचून दाखवायची. समोरचा शिकलेला असो नसो. "मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की..." असं एका ठरावीक चालीत. माणसं कंटाळायची, घड्याळ बघायची. वाचून झालं की विचारायची, "कळलं का? काय कळलं ते मला सांगा." मग त्या माणसाने आपल्या शब्दांत सांगायचं. नीट सांगितलं तरच ती पेन्सिल घ्यायची आणि जिथे सही करायची तिथे एक बारीकशी फुली काढायची. फुलीवर सही. सही वाळली की कंपासपेटीतल्या रबराने फुली पुसायची. शेजारचे टायपिस्ट तेवढ्यात तीन गिऱ्हाइकं उरकायचे. तिला हसायचे. "मॅडमची शाळा सुटली का?" म्हणायचे. कोवळे वकील तिच्याकडे ड्राफ्ट घेऊन यायचे, ती त्यातल्या चुका काढून द्यायची, आणि तेच वकील आत कोर्टात जाऊन तिच्या वाक्यांवर ऐट मिरवायचे. तिने कधी तोंड उघडून म्हटलं नाही की हे वाक्य माझं आहे म्हणून. आम्हाला मात्र घरी येऊन सांगायची, अगदी नक्कल करून, आणि आम्ही खिदळायचो.

मी बारावीला होते तेव्हा तिने मला लॉच्या पाच वर्षांच्या कोर्सची परीक्षा द्यायला लावली. लावली म्हणजे काय, मागेच लागली. दर रविवारी कल्याणहून डोंबिवलीला आमच्याकडे यायची, हातात जाडजूड गाइड, पिशवीत थालीपीठं. "मधू, तू आत जा गं," म्हणायची. "मी आयुष्यभर बाहेर बसले. तू आत जाऊन उभी राहा." आत म्हणजे कोर्टात. पप्पा पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "ताई, पोरीच्या डोक्यात काय भरवतेस? पाच पाच वर्षं कोण थांबणारे?" ती उत्तर द्यायची नाही. पप्पांना ती कधीच उत्तर द्यायची नाही, आणि मला तेव्हा वाटायचं, किती भित्री आहे ही. परीक्षेच्या दिवशी सेंटरच्या बाहेर झाडाखाली तीन तास उभी होती. आणि मी आत काय केलं? पहिले पन्नास-साठ प्रश्न कसेबसे सोडवले आणि उरलेले सगळे डोळे मिटून 'ब', 'ब', 'ब' करत काळे केले. मला मैत्रिणींबरोबर ठाण्याच्या तलावपाळीला भटकायला जायचं होतं. बाहेर आले तर ती धावत आली. "सगळे सोडवलेस?" मी म्हटलं, "हो, एकपण सोडला नाही." काय खूश झाली! नंबर अर्थातच लागला नाही. पप्पा म्हणाले, बरं झालं. मी बी.एस्सी. केलं, आणि गंमत बघा, आता त्याच परीक्षेसाठी मी दुसऱ्यांच्या पोरांना शिकवते. लॉजिकल रीझनिंग. स्वतःला जमलं नाही ते शिकवायला फार सोपं असतं.

नंतर काही वर्षं तिने विषय काढला नाही. मला वाटलं, सुटले. तर एका दिवाळीत फराळाचं ताट समोर ठेवून ती मला सांगते, "मधू, मी बी.ए. झाले." पत्राद्वारे करत होती, कोणाला पत्ता नाही. त्रेपन्न वर्षांची बाई. "आता तीन वर्षांच्या लॉला बसता येतं मला. वयाची अट नाहीये, मी नीट वाचलंय. फक्त ती सीईटी द्यावी लागते. तू शिकवशील?" पप्पांनी चकली तोडली आणि हसले. निखिल, माझा धाकटा भाऊ, तोही हसला. "आत्या, राहू दे ना यार, आता नातवंडं खेळवायचं वय." तिला नातवंडं कुठून येणार? तिचं लग्नच झालं नव्हतं. पण निखिलला काय, तोंड आहे म्हणून बोलायचं. मी हसले नाही एवढंच माझ्या बाजूने सांगते. 'हो' मात्र मी जरा मेहेरबानी केल्यासारखंच म्हटलं.

मग रविवारचा रस्ता उलटा झाला. दुपारी जेवून मी कल्याणला तिच्या खोलीवर जायचे. एक खोली, छोटं स्वयंपाकघर, खिडकीत तुळस, भिंतीला लागून लोखंडी पलंग. पोटाला चिमटा घेऊन घेतलेली, तिची स्वतःची. ती वही घेऊन खाली मांडी घालून बसायची आणि मला पलंगावर बसवायची, मी शिकवणारी म्हणून. मी म्हटलं, अगं काहीतरीच काय, वर बस. ऐकायची नाही. कायद्याच्या प्रश्नांत ती मलाच शिकवायची. करार कशाने रद्द होतो, ताबा म्हणजे काय, हे तिला पुस्तकात बघावं लागत नव्हतं, तिच्या बोटांत होतं. रांगेत बसलेल्या माणसांची कोडी मात्र तिला अजिबात आवडायची नाहीत. "ही माणसं उठून जागा का नाही बदलत गं?" म्हणायची. परीक्षा कॉम्प्युटरवर असते. तिचा टायपिंगचा वेग असा की आमच्या क्लासच्या पोरांची बोटं तोंडात जातील, पण माउस हातात आला की बाई गडबडायची. बाण भलतीकडे पळायचा. मग "अरे थांब रे बाबा" असं त्या बाणाला म्हणायची. आम्ही खूप हसायचो. ते रविवार चांगले होते... आता वाटतं, मी तिथे जास्त वेळ बसायला हवं होतं, चहा झाला की लगेच पळायला नको होतं.

कोर्टाबाहेर बातमी पसरलीच. तिच्याकडून फुकट ड्राफ्ट दुरुस्त करून घेणारा एक वकील तिला सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, तुम्ही वकील झालात तर टायपिंग कोण करणार? आम्ही शिकू का?" सगळे हसले. ती मला सांगताना म्हणाली, "मीपण हसले गं. काय करणार?" मी चिडले. म्हटलं, उद्यापासून त्याच्या चुका दुरुस्त करू नकोस, तोंडावर आपटू दे. तर म्हणे, "त्याच्या चुकीने त्याचं काही जात नाही, मधू. ज्याचा कागद असतो त्याचं जातं."

आता मुद्द्यावर येते. या परीक्षेत चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. उत्तर बरोबर आलं तर गुण, चुकलं तर शून्य, रिकामं सोडलं तरी शून्यच. म्हणजे वेड्या माणसालाही कळेल की एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. येत नसेल तर कुठल्यातरी गोलावर टिचकी मारायची आणि पुढे जायचं. आमच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी पहिलं वाक्य हेच सांगतात. आत्याला मी हे किती वेळा सांगितलं असेल, गणती नाही. सरावाचे पेपर ती कागदावर सोडवायची, पेन्सिलीने गोल भरत. आणि दर पेपरात पंधरा-वीस गोलांच्या रांगा कोऱ्या. प्रत्येक कोऱ्या रांगेशेजारी पेन्सिलीचा एक बारीक ठिपका. "हे काय?" "पाहिलाय प्रश्न. माहीत नाही." "अगं पण तुक्का मार ना! चारातला एक!" "माहीत नाही तिथे कशाला हात लावू?" मी डोकं धरायचे. कधी समजावलं, कधी ओरडले. एकदा म्हटलं, आत्या, तुझं हे म्हणजे कोणी फुकट देतंय तर नको म्हणण्यासारखं आहे. ती म्हणाली, "नकोच." एकदा तर मी स्वतः तिच्या हाताला धरून पेन्सिल गोलावर टेकवली. तिने हात सोडवून घेतला, जोरात. तिने माझ्याशी असं कधी केलं नव्हतं.

परीक्षेचं सेंटर आलं ठाण्यात, कोलशेतच्या बाजूला. मी सोबत गेले, बाहेर उभी राहिले, पूर्वी ती माझ्यासाठी उभी राहिली होती तशी. आजूबाजूला सगळी पोरं, त्यांचे आईबाप. गेटवरच्या माणसाने तिला अडवलं, "पालकांनी बाहेर थांबायचं." तिने हॉल तिकीट दाखवलं. तो तिकिटाकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत राहिला आणि मग बाजूला झाला. बाहेर आल्यावर मी विचारलं, कोरे किती सोडले? "सतरा," ती म्हणाली, एवढ्या शांतपणे की मला तिथेच फुटपाथवर बसावंसं वाटलं. निकाल लागला. तिला झेपेल अशा सगळ्यात जवळच्या कॉलेजच्या यादीपासून ती चार गुणांनी राहिली. चार! सतरा प्रश्नांत डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी चार आले असते. हे माझं रोजचं काम आहे, मला हे गणित झोपेतही येतं.

त्या रविवारी मी तिच्या खोलीवर जाऊन जे बोलले ते इथे लिहायलाच हवं, नाहीतर हा लेख खोटा होईल. मी म्हटलं, "तुझ्या त्या प्रामाणिकपणाचं घाल आता लोणचं! तुला वकील व्हायचंच नाहीये. तुला बाहेर बसून बिच्चारी म्हणवून घ्यायला आवडतं. तू टायपिस्टच राहणार, मरेपर्यंत." मरेपर्यंत म्हटलं मी. ती ओट्यापाशी होती. गॅस बंद केला, हात पुसले, आणि माझ्यासमोर येऊन बसली. पहिल्यांदाच पलंगावर, माझ्या शेजारी. "मधू, मी एकदा मारलाय तुक्का," ती म्हणाली.

आजोबा गेले तेव्हाची गोष्ट. डोंबिवलीची जागा आजोबांची, वारस दोनच, आत्या आणि पप्पा. पप्पांचं लग्न ठरत होतं. पप्पा तिच्याकडे एक हाताने लिहिलेला मसुदा घेऊन गेले, कोणा वकिलाकडून आणलेला. म्हणाले, ताई, हक्कसोड आहे, सगळ्या बहिणी करतात, रीत आहे. तू घरातच राहणार आहेस, नुसता कागद. आणि टाइप करायला बाहेर कशाला जाऊ, तूच कर. तिने केला. स्वतःच्या हक्कसोडीचा कागद माझ्या आत्याने स्वतः टाइप केला, तिच्या त्या टेबलावर, दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये. "टाइप करताना माणूस वाचत नाही गं," ती म्हणाली. "नजर अक्षरावर असते, अर्थावर नसते. दुसऱ्यांना मी वाचून दाखवायचे ते याच्यासाठीच तर. पण मला कोण वाचून दाखवणार? वाटलं, सुरेश सांगतोय तेच असेल. सख्खा भाऊ." सहीच्या जागी सवयीने तिने फुली काढली. स्वतःसाठी. आणि त्यावर स्वतःच सही केली. नऊ वर्षांनी मी आणि निखिल असे दोघं झालो, जागा पुरेना झाली, आणि पप्पा म्हणाले, ताई, तू कल्याणला एखादी खोली बघ, तुझ्या कामाच्याही जवळ पडेल. ती म्हणाली, हे माझंही घर आहे. तेव्हा पप्पांनी कपाटातून तो कागद काढून तिच्यापुढे ठेवला. दुसऱ्या पानावर, वरून चौथी ओळ. 'सदर जागेत राहण्याचा अगर ताबा मागण्याचा मला यापुढे कोणताही हक्क राहणार नाही.' तिनेच टाइप केलेली. एकही चूक नव्हती त्यात, ती म्हणाली. "त्यानंतर मी माहीत नसलेल्या गोष्टीवर खूण केलेली नाही. आता या वयात चार गुणांसाठी करू?"

मी ज्या घरात अभ्यास केला, ज्या खिडकीतल्या जागेसाठी निखिलशी भांडले, त्या घराची ती गोष्ट होती. मी माफी मागितली का? नाही. चहा प्यायले आणि घरी आले. घरी पप्पांना विचारलं, हे खरं का? पप्पा म्हणाले, "झालं ते झालं. तेव्हा असंच करायचे सगळे. तिला काय कमी पडलं?" आणि चॅनल बदललं. त्याच घरात मी त्या दिवशीही जेवले, दुसऱ्या दिवशीही. इतकी वर्षं पप्पांना उत्तर न देणाऱ्या आत्याला मी भित्री म्हणत होते. माझा राग तर बघा, दोन वाटी भातावर शांत झाला.

त्यानंतर दीडेक महिना मी कल्याणला गेले नाही. क्लास होते, हे होतं, ते होतं... लाज वाटत होती, दुसरं काही नाही. शेवटी तिनेच फोन केला. "फॉर्म भरलाय परत. माझा मी भरला, एकही चूक नाही. तू येणारेस की दुसरा मास्तर शोधू?" मी गेले. ती तशीच खाली वही घेऊन बसली. झालेल्या गोष्टीचा एक शब्द नाही. शेवटचा रविवार, म्हणजे ती जायच्या आधीचा, अजून डोळ्यासमोर आहे. मी गमतीत विचारलं, "मग, यंदा तरी मारणार ना तुक्का?" म्हणाली, "नाही. पण यंदा रिकामा एकही ठेवणार नाही." "ते कसं काय?" "सगळं येईल एवढं वाचते ना मी." आणि खरंच, त्या दिवशीच्या पेपरात फक्त तीन ठिपके होते. तीन. मी तपासला तो पेपर, दोनदा. तेवढ्या गुणांत तिला ठाण्यातलं कुठलंही कॉलेज मिळालं असतं. मी तिला ते सांगितलं तेव्हा तिने पदराने चष्मा पुसला आणि विचारलं, "काळा कोट उन्हाळ्यात फार उकडतो का गं?" चार दिवसांनी स्टँपवाल्या काकांचा फोन आला.

तिचं हॉल तिकीट ती गेल्यानंतर आलं. तिचा ईमेल मीच काढून दिलेला, म्हणून मला दिसलं. सेंटर या वेळी घराजवळ, कल्याणलाच. परीक्षेच्या दिवशी मी आमच्या तीन वर्षांच्या लॉच्या बॅचमधल्या पोरांना सोडायला म्हणून तिथे गेले. आत एक खुर्ची रिकामी असणार होती, पूर्ण पेपरभर एकही गोल न भरलेली. मी गेट बंद होईपर्यंत थांबले आणि मग समोरच्या टपरीवर जाऊन ढसाढसा रडले. चहावाल्याला वाटलं माझा पेपर बुडाला. त्याने मला एक पाण्याची बाटली दिली.

दहाव्याला स्टँपवाल्या काकांनी माझ्या हातात एक पाकीट ठेवलं होतं. आत्याचं मृत्युपत्र, रीतसर नोंदवलेलं, साक्षीदार काका. कल्याणची खोली माझी भाची मधुरा हिला. पुढे एकच ओळ: 'तिला कधी कोणी जागा मोकळी कर म्हटलं तर तिला जागा असावी.' पप्पांनी वाचलं, घडी घातली आणि माझ्याकडे न बघता परत दिलं. मला वाटलं, लाजले असतील. माणूस म्हातारा झाला की लाजत असेल, असं मला उगाच वाटलं.

गेल्या रविवारी सकाळी पप्पांनी जेवायच्या टेबलावर एक कागद ठेवला. निखिल शेजारी मोबाइल बघत बसलेला. "निखिलचं लग्न ठरतंय," पप्पा म्हणाले. "मुलीकडचे विचारतायत, स्वतःची जागा आहे का. तू तर उद्या सासरी जाशील, तुला काय करायचीय ती खोली? नुसता ना हरकतीचा कागद आहे. सही कर, बाकी मी बघतो." छान छापलेला होता. सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली काढलेली. कोणा नव्या टायपिस्टने काढलेली असणार. ती आत्याची नव्हती, आत्या अशी तिरकी काढत नसे.

मी म्हटलं, "वाचून दाखवा." पप्पा म्हणाले, "तू काय अडाणी आहेस? वाच की." "बरं, मी वाचते. तुम्ही ऐका." आणि मी वाचायला लागले. मोठ्याने, आत्याच्या चालीत, 'मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की...' मला ठाऊकच नव्हतं की ती चाल मला पाठ आहे. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. निखिलने मोबाइल खाली ठेवला. दुसऱ्या पानावर ती ओळ आली. सदर खोलीत राहण्याचा अगर ताबा मागण्याचा. तीच. खोली बदलली होती, नाव बदललं होतं, ओळ तीच होती. पप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. मी शेवटपर्यंत वाचलं, कागद खाली ठेवला आणि विचारलं, "कळलं का? काय कळलं ते मला सांगा."

पप्पांनी खिडकीबाहेरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "तू तिच्यावरच गेलीस." शिवी दिल्यासारखं म्हणाले.

आत्याची कंपासपेटी आता माझ्याकडे असते, क्लासच्या पिशवीत. एका कोपऱ्यात चेपलेली, आत एक पेन्सिल आणि झिजून गोल झालेलं ते रबर. सही झाल्यावर फुली पुसायचं रबर. मी ते काढलं, सही न करताच फुली पुसली, कागदावर फुंकर मारली, आणि कागद पप्पांच्या पुढे सरकवला.